पाठ टेकल्यानंतरची कुस्ती



परमेश्वराच्या यात्रेतला कुस्त्यांचा फड ज्याने कधी पाहिला नाही, असा माणूस हिमायतनगरात शोधूनच काढावा लागेल. हलगी कडाडत असते, दोन मल्ल एकमेकांच्या मानेवर हात टाकून ताकद अजमावीत असतात आणि कडेला बसलेली जुनी माणसे त्यांच्याहूनही अधिक घामाघूम झालेली असतात. मग एकाएकी एकाची पाठ मातीला लागते. हलगी थांबते, जिंकणाऱ्याला लोक खांद्यावर घेतात, आणि ज्याची पाठ टेकली तो अंगावरची माती झाडीत गर्दीत दिसेनासा होतो. त्याच्यापुरती गोष्ट संपलेली असते. आपल्या भाषेनेही हा निकाल कायमचा लिहून ठेवला आहे. वादात हरलेला चीत होतो, निवडणुकीत पडलेला चीतपट होतो. पाठ टेकणे आणि हरणे ह्या दोन गोष्टी आपल्या मनात एकच होऊन बसल्या आहेत.

आज आम्ही ज्या विद्येविषयी बोलणार आहोत, तिचा आरंभच मुळी पाठ टेकल्यानंतर होतो. ती ब्राझील देशात वाढली, म्हणून तिला ब्राझिलियन जिउजित्सू म्हणतात. इंग्रजीत ज्याला मिक्स्ड मार्शल आर्ट्स असे नाव आहे, आणि ज्याला आम्ही येथे सोयीसाठी मिश्र द्वंद्व म्हणू, त्या आधुनिक खेळाचे रूप ह्या विद्येने पालटून टाकले. ठोसे, लाथा, कुस्तीचे डाव आणि जमिनीवरच्या पकडी हे सारे ह्या खेळात एकत्र चालते.

हिमायतनगरच्या श्रोत्यांना ह्या दूरच्या गोष्टीचे काय, असे कोणी विचारील. पण ती आता दूर राहिलेली नाही. मार्च २०१२ मध्ये मुंबईत सुपर फाइट लीगचा पहिला सामना झाला, २०१९ मध्ये त्याच मुंबईत मॅट्रिक्स फाइट नाइट ही दुसरी स्पर्धा सुरू झाली. गावोगावच्या मुलांच्या हातातल्या दूरध्वनीवर हे सामने रोज दिसतात. तालमीतल्या मुलाला पंचविशीच्या सुमारास एक प्रश्न पडतोच, की फडावरच्या इनामांवर किती दिवस काढायचे? त्या वेळी ही नवी वाट त्याला खुणावू लागते. त्या वाटेवर पाऊल टाकण्यापूर्वी त्याने, आणि त्याहीपेक्षा त्याच्या वस्तादाने व आईबापाने, काय जाणून घ्यावे, हे सांगण्यासाठी आम्ही हा विषय घेतला आहे.

प्रथम एक साधी गोष्ट मनात पक्की करू. पाठ टेकली की हार, हा सृष्टीचा नियम नव्हे. तो खेळाचा नियम आहे. माणसांनी तो ठरवला आणि तो फार शहाणपणाने ठरवला. त्यामुळे हाडे न मोडता, रक्त न सांडता बलाबल ठरते. परंतु नियम बदलला, की अंगाच्या ठेवणीची किंमतही बदलते. आपल्या कुस्तीत पाठीवर पडणे म्हणजे मरण आणि पालथे पडणे म्हणजे आसरा. खाली आलेला मल्ल पोटावर घट्ट पडून राहतो, वरचा त्याला पालटण्यासाठी घिस्सा मारतो, सवारी करतो. जिउजित्सूत ही किंमत नेमकी उलटी आहे. तेथे पाठीवर पडलेला मनुष्य अजून लढतो आहे असे मानतात, कारण त्याचे दोन हात आणि दोन पाय प्रतिपक्षाकडे आहेत. जो पालथा पडला आणि ज्याच्या पाठीवर प्रतिपक्षी बसला, त्याचे मात्र आटोपले. कारण मागून येणारा हात त्याला दिसत नाही आणि त्याची मान उघडी पडते.

हा फरक ध्यानात यावा म्हणून एक जुनी हकीकत सांगतो. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये आपल्या देशाचा थोर मल्ल गामा आणि पोलंडचा झ्बिस्को ह्यांची कुस्ती झाली. गामाने त्याला लौकरच खाली घेतले. झ्बिस्को पोटावर पडला तो पडलाच. गामाने अडीच तासांहून अधिक वेळ त्याला उलटा करण्याची शर्थ केली. गड्याने पाठ दिली नाही आणि कुस्ती निकालाविना सोडवावी लागली. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा व्हायची होती, तेव्हा झ्बिस्को आखाड्यात फिरकलाच नाही. पुढे १९२८ मध्ये पतियाळ्यास गामाने त्याला एका मिनिटाच्या आत अस्मान दाखवून हिशेब चुकता केला, ती गोष्ट वेगळी. आम्हांला दाखवायचे आहे ते एवढेच, की जी ठेवण झ्बिस्कोला अडीच तास तारून गेली, ती जिउजित्सूच्या आखाड्यात त्याला अडीच मिनिटेही तारू शकली नसती.

आता ही विद्या ब्राझीलला गेली कशी ते पाहू. तिचे माहेर जपान. तेथे जुजुत्सूच्या अनेक जुन्या परंपरा होत्या. जिगोरो कानो ह्या शिक्षणतज्ज्ञाने त्यांतले घातक भाग बाजूस सारून, उरलेले एका पद्धतीत बसवून १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही संस्था काढली आणि आपल्या पद्धतीस ज्यूदो हे नाव दिले. ह्या संस्थेचा मित्सुयो माएदा नावाचा मल्ल १९०४ मध्ये अमेरिकेस गेला. तेथून युरोप व मध्य अमेरिका पालथी घालीत, नाना तऱ्हेच्या पैलवानांशी झुंजत तो १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचला आणि अखेर बेलेम शहरी स्थायिक झाला. तेथे ग्रेसी घराण्यातला कार्लोस हा तरुण त्याच्याकडे शिकला. पुढे कार्लोस व त्याच्या भावांनी रिओ दि जानेरो येथे आपली तालीम चालविली.

ह्या भावांपैकी हेलिओ ग्रेसी हा अंगाने किरकोळ. ताकदीच्या डावांत त्याचा निभाव लागेना. म्हणून त्याने प्रत्येक डावातली ताकद कमी करून तरफ वाढविली. थोरला पाषाण हातांनी हलत नाही, पण पहारीखाली लहानसा दगड टेकून जोर दिला की तो उचकटतो, हे आपल्या शेतकऱ्यास ठाऊक आहे. हाताची पकड नेमकी अशीच लागते. प्रतिपक्ष्याचा एक हात आपल्या दोन्ही हातांनी छातीशी धरायचा, आपले कंबरडे त्याच्या कोपराखाली आणायचे आणि अंग ताणायचे. कंबरडे हा टेकू, त्याचा हात ही पहार. एका माणसाच्या सगळ्या अंगाचे बळ दुसऱ्याच्या एकट्या कोपरावर येते. मग दंड कितीही भरलेला असो, कोपर सारखेच.

दुसरा प्रकार मानेच्या पकडीचा. लोक समजतात की ह्यात श्वास कोंडतो. खरे पाहता मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, आणि पकड नीट बसली तर दहाएक सेकंदांत माणसाची शुद्ध हरपते. वेळीच सोडले तर तो बहुधा लगेच भानावर येतो. न सोडले तर जिवावर बेतते. म्हणूनच ह्या विद्येचा पहिला धडा पकडीचा नसून शरणागतीचा आहे. पकड बसली की प्रतिपक्ष्याच्या अंगावर किंवा जमिनीवर हाताने थाप मारायची आणि थाप ऐकताच दुसऱ्याने सोडायचे. ह्या थापेकडे आम्ही पुढे पुन्हा येणार आहोत.

पाठीवर पडूनही लढता येते ते पायांमुळे. खालचा मनुष्य वरच्याची कंबर दोन्ही पायांच्या कैचीत धरतो. ह्या बैठकीला ते गार्ड म्हणतात. वरच्याला पुढे सरकता येत नाही, मागे हटता येत नाही. आणि त्याने हात वा मान जरा पुढे केली की खालचा ती पकडतो. ब्राझीलमध्ये ह्या विद्येची कसोटी ज्या झुंजींत लागे त्यांना वाले तुदो म्हणत. आमच्या गोमंतकात साडेचार शतके वावरलेल्या पोर्तुगीज भाषेतलेच ते शब्द आहेत; त्यांचा अर्थ सारे काही चालते.

बाहेरच्या जगाला हे सारे अज्ञात होते. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेत डेन्व्हर शहरी आठ गडी एका जाळीबंद आखाड्यात उतरले. कोणी मुष्टियोद्धा, कोणी कराटेवाला, कोणी कुस्तीगीर. वजनाचे गट नव्हते. कोणती विद्या श्रेष्ठ हे ठरवायचे होते. आयोजकांत हेलिओचा थोरला मुलगा रोरियन होता आणि घराण्यातर्फे त्याचा धाकटा भाऊ रॉयस उतरला. तो काही धिप्पाड नव्हे. पहिल्या सामन्यात त्याच्यापुढे आर्ट जिमरसन हा मुष्टियोद्धा आला, एकाच हातात मुष्टियुद्धाचा मोजा घालून. रॉयसने त्याला खाली घेतले आणि छातीवर मांड ठोकली. अजून एकही पकड बसली नव्हती, तोच जिमरसनने थाप मारून हार पत्करली. कारण येथून पुढे काय करायचे हेच त्याला ठाऊक नव्हते. रॉयसने त्या रात्री तीन सामने जिंकले आणि तिन्ही मिळून त्याला जेमतेम पाच मिनिटे लागली.

आपल्या श्रोत्यांना अधिक बोलका वाटेल असा सामना डिसेंबर १९९४ मधला. रॉयसपुढे डॅन सेव्हर्न हा नामांकित कुस्तीगीर होता, शंभर किलोंहून बराच जड. त्याने रॉयसला पाठीवर पाडले आणि पंधरा मिनिटे तो वर बसून राहिला. आपल्या फडावर असता तर पहिल्याच मिनिटाला फेटा त्याच्या डोक्यावर चढला असता. पण खालून रॉयसने आपले पाय हळूहळू त्याच्या मानेभोवती आणले, मान आणि एक हात असा त्रिकोणात आवळला, आणि सेव्हर्नला थाप मारावी लागली. पाठ टेकलेला जिंकला, वर बसलेला हरला. त्या दिवसापासून जगातल्या कोणत्याही लढवय्याला जमिनीकडे पाठ फिरविणे शक्य राहिले नाही.

तथापि हा प्रभाव म्हणजे ग्रेसी घराण्याची अखंड विजययात्रा, असे समजणे चूक होईल. कुस्तीगिरांनी खालच्याच्या पकडी टाळायला शिकून घेतले आणि वरून ठोसे देण्यास आरंभ केला. मार्क कोलमन ह्या अमेरिकन कुस्तीगिराने १९९६ मध्ये ह्याच रीतीने दोन स्पर्धा जिंकल्या. ठोसे चालू झाले की पाठीवर पडून राहणे पुन्हा महागात पडते, हे त्याने दाखविले. जपानच्या साकुराबाने मे २००० मध्ये दीड तासाच्या झुंजीनंतर खुद्द रॉयसला हरविले. २००६ मध्ये मॅट ह्यूज ह्या कुस्तीगिराने त्याला पहिल्याच फेरीत नमविले. मग विद्या हरली काय? आम्ही म्हणू, येथेच ती जिंकली. तिला हरविण्यासाठी प्रत्येकाला ती शिकावी लागली. आज मिश्र द्वंद्वात उतरणारा कोणीही, मग तो मूळचा मुष्टियोद्धा असो की मल्ल, जिउजित्सू शिकल्याखेरीज उतरत नाही. विहिरीचे पाणी साऱ्या गावाच्या घागरींत गेले, म्हणजे विहीर आटली असे कोणी म्हणत नाही.

ह्याचे उत्तम उदाहरण दागेस्तानचा खबीब नुरमागोमेदोव्ह. दागेस्तान हा कुस्तीवेडा डोंगरी मुलूख. तेथल्या मुलांची कुस्ती आपल्याप्रमाणेच लहानपणी सुरू होते. खबीब २९ सामने लढला आणि एकही हरला नाही. त्याचे मुख्य हत्यार कुस्तीच. पण ऑक्टोबर २०२० मधला आपला अखेरचा सामना त्याने कशाने जिंकला? रॉयसने सेव्हर्नला ज्यात आवळले होते, त्याच पायांच्या त्रिकोणाने.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या मल्लविद्येला पकडी अगदीच परक्या आहेत काय? जुने वस्ताद कुस्तीचे चार प्रकार सांगत आले आहेत. बळावर चाले ती भीमसेनी, डावपेचांवर चाले ती हनुमंती, पकडीत जखडून शरण आणी ती जांबुवंती, आणि अवयव मोडण्यापर्यंत जाई ती जरासंधी. ह्यांतली जांबुवंती म्हणजे जिउजित्सूची सख्खी बहीण म्हणावी अशी. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने रचलेल्या मानसोल्लास ग्रंथात मल्लविनोद असे एक प्रकरणच आहे; मल्लांचे वर्ग, त्यांचा आहार, व्यायाम आणि डाव ह्यांचा विचार त्यात केलेला आहे. कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण. १९५६ पर्यंत ते आणि आपण एकाच हैदराबाद राज्यात होतो. तेव्हा मल्लविद्येचा शास्त्रीय विचार आपल्या मातीला नवा नाही. परंतु फडावर निकाल पाठीवरच लागू लागल्यामुळे जांबुवंती आणि जरासंधी हळूहळू मागे पडल्या आणि हनुमंती तेवढी राहिली व बहरली. नियम जे मागतो तेच तालीम शिकविते.

म्हणून आमच्या मल्लाची शिदोरी काय आणि उणीव काय, हे नीट मोजले पाहिजे. पट काढणे, ताबा घेणे, प्रतिपक्ष्याला मनाप्रमाणे खाली आणणे ही त्याची शिदोरी, आणि ती फार मोलाची आहे. सामना उभ्याने चालावा की जमिनीवर, हे ठरविण्याची सत्ता तिच्यामुळे हाती येते. मुष्टियोद्ध्याला ती शिकायला वर्षे लागतात. उणीव दोन ठिकाणी. पाठीवर पडल्यावर काय करायचे हे त्याला कोणी शिकविलेले नाही; आणि पट काढताना मान खाली घालून शिरण्याची त्याची सवय येथे घात करते. तो पायांशी झेपावतो, समोरचा त्याच्या मानेखालून हात घालतो, आवळतो आणि मुद्दाम स्वतः पाठीवर पडतो. आपला मल्ल वर असतो, आपल्या हिशेबाने जिंकलेला असतो, आणि त्याची शुद्ध जाऊ लागलेली असते. ह्या पकडीला गिलोटिन म्हणतात. भारतात जन्मून भारतातूनच ह्या खेळाच्या सर्वोच्च आखाड्यात गेलेला पहिला गडी मुंबईचा भरत खंडारे. नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघाय येथे चीनच्या साँग यादाँगने त्याला पहिल्याच फेरीत ह्याच पकडीने हरविले. त्यात खंडाऱ्यांना कमीपणा नाही. अनोळखी वाटेने प्रथम जाणाऱ्याच्याच पायांत काटे मोडतात. पुढे जून २०२४ मध्ये उत्तर प्रदेशच्या पूजा तोमर हिने त्याच आखाड्यात पहिला भारतीय विजय मिळविला.

आपला मल्ल हे शिकू शकेल काय? ह्याचे उत्तर आम्ही खाशाबा जाधवांकडे बोट दाखवून देऊ. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल मातीत वाढलेला. १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला तो गादीवर, परक्या नियमांनी लढला आणि सहावा आला. तेवढ्यावर त्याने गादीला नावे ठेवली नाहीत. ती शिकून घेतली आणि १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक आणले. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी १९७० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले, ते गादीवरच. बीड जिल्ह्यातल्या राहुल आवारेने २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. आज महाराष्ट्र केसरीतही माती आणि गादी असे दोन विभाग सुखाने नांदतात. माती सोडून गादी आली नाही. मातीच्या शेजारी गादी आली. जिउजित्सूचेही तसेच व्हावे.

राहिला प्रश्न आईबापांचा. हा खेळ की मारामारी? आम्ही ह्या खेळाचे भाट नाही. डोक्यावर बसणाऱ्या ठोशांनी मेंदूला इजा होते, ही गोष्ट कोणी लपवू नये. त्यामुळे आमच्या मुलांनी सरसकट तिकडे जावे, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. पण जमिनीवरचे जिउजित्सू ही निराळी गोष्ट आहे. त्यात ठोसा नाही, लाथ नाही. २०१८ पासून आशियाई क्रीडास्पर्धांत जिउजित्सूला स्थानही मिळाले आहे. ते शिकण्यास लहान चणीची मुलगीसुद्धा लायक आहे. किंबहुना अंगाने कमी असलेल्यांसाठीच हेलिओने त्याला हे रूप दिले.

आणि आता ती थाप. १९५१ मध्ये रिओच्या माराकाना मैदानावर हेलिओ ग्रेसी जपानच्या किमुराशी लढला. किमुराने त्याचा हात पिरगाळला. हाड मोडले तरी हेलिओने थाप मारली नाही. शेवटी त्याच्या बाजूच्या माणसांनी सामना सोडविला. ह्या मानी माणसाचे कौतुक करावे, पण अनुकरण करू नये. त्याच्या लोकांनी पुढे जे केले त्याचे मात्र अनुकरण करावे. ज्या पकडीने आपला हात मोडला, तिला त्यांनी जिंकणाऱ्याचेच नाव दिले आणि ती आपल्या तालमीत शिकविली. आजही ती पकड जगभर किमुरा ह्याच नावाने ओळखली जाते.

आपल्या तालमीत मुलगा मातीत उतरला की वस्ताद त्याला शड्डू ठोकायला शिकवितात. थाप मारायला कोणी शिकवीत नाही, कारण तिची गरज कधी पडली नाही. जो मुलगा उद्या त्या जाळीबंद आखाड्यात जाणार आहे, त्याला मात्र शड्डूइतकीच ही थापही शिकवून पाठविली पाहिजे. पकड बसली हे ओळखणे आणि वेळीच ते कबूल करणे ह्यात नामर्दपणा नाही. हात शाबूत ठेवून उद्या पुन्हा तालमीत येण्याची ती सोय आहे. आमच्या वस्तादांना हात जोडून एवढीच विनंती, की आठवड्यातून एक तास मुलांना पाठ टेकलेल्या ठेवणीतून सुरुवात करू द्यावी. हौद्यातली माती तीच राहील, शड्डू तोच राहील. पुढच्या यात्रेत ज्याची पाठ टेकेल तो फडाच्या नियमाने हरेलच, आणि हरला म्हणून त्याने निमूटपणे फेटा दुसऱ्याला जाऊ द्यावा. मात्र त्याच्यापुरती गोष्ट तेथे संपली, असे त्याला कोणी सांगू नये.